कुलपांचा रविवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय रेव्हरंड थोरातसाहेब. व्यासपीठावर बसलेले पंचमंडळातले वडील आणि प्रमुख पाहुण्या डॉक्टरीणबाई. सातारा, वाई आणि कऱ्हाडच्या मंडळ्यांतून पहाटेच्या एस.टी.नं धक्के खात आलेले शब्बाथ शाळेचे शिक्षक. आपल्या बोर्डिंगचे आजी आणि माजी विद्यार्थी. एवढ्या खुर्च्या रिकाम्या असताना अजूनही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आमच्या मनुबाई. आणि पुढच्या सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या लेकरांनो, तुम्हा सर्वांना प्रभूच्या नावानं माझा सलाम.

मी बोलायला उभी राहिले की आजवर दोन गोष्टी हमखास घडत आल्या. पुढची लेकरं ताठ बसतात आणि मागची मोठी माणसं घड्याळ बघतात. आज तुम्ही मला घड्याळच भेट दिलंत आणि ते माझ्या पाठीमागच्या टेबलावर ठेवलंत. म्हणजे ते तुम्हाला दिसतंय, मला नाही. ही युक्ती कुणाची, हे मी विचारणार नाही.

शिवाय शाल आहे, स्टीलचा डबा आहे, मुलींनी विणलेला स्वेटर आहे. ‘साठवू नका, साठवू नका’ असं म्हणून ज्या बाईनं एकतीस वर्षं तुमचे कान किटवले, तिच्यासमोर तुम्ही एवढं साठवून ठेवलंत! मी शिकवलेलं किती मुरलं आहे ते दिसतंच आहे.

आधीच्या वक्त्यांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की मला वाटलं, ही एस्तरबाई सातपुते कोण आहे, तिला एकदा भेटायला हवं. निरोपाच्या वेळी असंच बोलायचं असतं, हे मला कळतं. गेलेल्या माणसाबद्दल आणि जाणाऱ्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी आपली रीत. पण जाणाऱ्याला तोंड असतं, आणि ते उघडायला तुम्हीच मला उभं केलं आहे.

मानपत्र आमच्या आकाराम वायदंडेनं लिहिलं आणि वाचलं. आकाराम याच बोर्डिंगात वाढला, आता माधवनगरला मास्तर आहे. अक्षर अगदी मोत्यासारखं. त्या अक्षरापायी मी लहानपणी त्याची बोटं पट्टीनं लाल केली होती, ते त्यानं मानपत्रात घातलं नाही. त्याबद्दल त्याचे वेगळे आभार. पण त्या मानपत्राच्या चौथ्या परिच्छेदात ‘पेटीची गोष्ट’ आहे. आकाराम ती वाचत होता तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्या चालू असताना मी खाली बघत होते. तुम्हाला वाटलं असेल, बाईंना संकोच झाला. तो संकोच नव्हता, मंडळी. मला शरम वाटत होती.

अध्यक्षमहाराज, आपली परवानगी असेल तर आभार मी शेवटी मानते आणि आधी त्या चौथ्या परिच्छेदाबद्दल बोलते. रीत थोडी उलटी होईल, सांभाळून घ्या.

बाहेरगावच्या पाहुण्यांना आधी ‘कुलपांचा रविवार’ म्हणजे काय ते सांगायला हवं. दर जूनला बोर्डिंग उघडलं की लेकरं येतात. प्रत्येकाबरोबर एक पत्र्याची पेटी आणि पेटीला कुलूप. आपल्या भागातले पुष्कळ बाप मिलिटरीत. त्यांच्या लेकरांच्या पेटीत कॅन्टीनचा साबण, लोकरीचे मोजे, बिस्किटांचा डबा. शेजारच्या पेटीत मात्र एक सदरा, एक चड्डी आणि फुटक्या पाटीचा तुकडा. रविवारी दुपारी एखादं पोरगं आपल्या पेटीचं झाकण अर्धवट उघडायचं, आत डोकं घालून बिस्किट खायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं. बाकीची वीस पोरं त्या झाकणाकडे टक लावून बसायची. मला ते बघवेना.

म्हणून मी एक चाल सुरू केली. जूनमधल्या पहिल्या रविवारी उपासनेच्या वेळी प्रत्येक लेकरानं आपलं कुलूप आणि किल्ली प्रभूच्या मेजावर आणून ठेवायची. त्या दिवसापासून सुट्टी लागेपर्यंत एकाही पेटीला कुलूप नाही. जे आहे ते सगळ्यांचं. पहिल्या मंडळीत कोणी कशालाही स्वतःचं म्हणत नसे, असं आपण वाचतो ना? तेच सांगलीत करून दाखवू, असा माझा उत्साह. तेव्हा माझं वय तिशीच्या आसपास होतं. त्या वयात वाटतं, प्रेषितांना जमलं ते आपल्याला का जमू नये?

आणि खोटं कशाला बोलू, काही अंशी जमलंही. बिस्किटं वाटली गेली. एका थंडीत एक स्वेटर तीन पोरांनी आळीपाळीनं घातला. त्यातलं एक पोरगं आज त्या तिसऱ्या रांगेत मिशीला पीळ देत बसलं आहे. दुसऱ्या दोन बोर्डिंगांनी आपली चाल उचलली. मला बोलावणी येऊ लागली, आणि मलाही बोलायला आवडू लागलं.

एक गोष्ट मात्र कुणी विचारली नाही आणि मला सुचली नाही. लेकरांची कुलपं मेजावर गेली, पण कोठीच्या खोलीचं कुलूप तिथेच राहिलं. धान्य, गूळ, तेल सगळं त्या खोलीत, आणि तिची किल्ली माझ्या कमरेला. ती मी कधी मेजावर ठेवली नाही. तुम्ही म्हणाल, बाई, कोठी कशी उघडी टाकणार? मीही तेच म्हणत होते. जे सांभाळायचं असतं त्याला कुलूप लागतं, एवढं मला माझ्यापुरतं बरोबर कळत होतं.

बहात्तर सालचा दुष्काळ या सभागृहात मी काय सांगू? तुमच्यापैकी निम्म्यांनी त्यात खडी फोडली आहे. आपल्याकडे साठ लेकरांची सोय. त्या हिवाळ्यात नव्वद झाली. त्र्याहत्तरच्या जानेवारीत जतकडच्या एका खेड्यातून रंगुबाई नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. आपल्याच मंडळीतली. नवरा काम शोधायला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता, आणि ती स्वतः पाझर तलावाच्या कामावर होती. मुलीचं नाव अंजना, वय नऊ वर्षं. रंगुबाईच्या कडेवर चार वर्षांचा मुलगा होता, सिद्धू. इतका अशक्त, की मान आईच्या खांद्यावरून उचलत नव्हता. मी म्हटलं, मुलीला घेते, पण सहा वर्षांखालचं मूल बोर्डिंगात घेता येत नाही. नियमच होता. रंगुबाई म्हणाली, ‘व्हय बाई. हिला तरी घ्या. हिच्या वाटचं तेवढं त्याला हुईल.’

अंजनाबरोबर एक काळी लोखंडी ट्रंक होती. तिचा मामा पलटणीत होता, त्याची. वर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर. आत जवळजवळ काही नव्हतं, पण कुलूप होतं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून पोरीच्या गळ्यात. ती जानेवारीत आली, त्यामुळे कुलपांचा रविवार तिला ठाऊकच नव्हता. मी म्हटलं, ‘अंजना, किल्ली दे.’ ती म्हणाली, ‘आईनं सांगितलंय, कुनाला देऊ नगं.’ मी म्हटलं, राहू दे, ईस्टरपर्यंत शिकेल आपोआप. माझ्या त्या उदारपणाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

त्या दिवसांत सरकारकडून सुकडी यायची. सतरंजीवरच्या लेकरांना सुकडी ठाऊक नसेल. भाजलेल्या पिठाचा गूळ घातलेला भुगा, आणि त्या वर्षी तो आमचा मेवा होता. दुपारी प्रत्येकाला एक वाटी. लेकरं वाटी चाटून चाटून अशी लख्ख करायची की मनुबाईंना घासायचं काम उरायचं नाही. अंजना मात्र आपली वाटी घेऊन पेट्यांच्या खोलीत जायची. महिनाभरात तक्रार आली, ‘बाई, ती कुलूप लावून खाती.’

मार्चमध्ये एका रविवारी पेट्यांच्या खोलीत मुंग्यांची रांग लागली. रांग थेट त्या काळ्या ट्रंकेत. आणि योगायोग बघा, त्या दुपारचा शब्बाथ शाळेचा बायबलचा धडा मान्न्याचा होता. रानात देवानं इस्राएल लोकांना आभाळातून रोजच्या खाण्यापुरता मान्ना दिला आणि ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, तो धडा.

मी नव्वद लेकरांसमोर ट्रंक आणवली आणि किल्ली मागितली. अंजनानं दोरा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. मी ओढून घेतला नाही. तेवढं मी माझ्या बाजूनं सांगते. झाकण उघडलं. आत एका फडक्यात दोनेक किलो सुकडी बांधून ठेवलेली. जाळी धरली होती. अळ्या वळवळत होत्या.

शिक्षकमंडळी, तुम्हाला म्हणून सांगते, असा प्रसंग आपल्या नशिबी क्वचित येतो. तोंडात किड्यांचा धडा आणि समोर खरेखुरे किडे! मला त्या पोरीचा चेहरा दिसलाच नाही. मला धडा दिसला. मी ते फडकं उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना फिरवून दाखवलं. म्हटलं, ‘बघा रे, लोभाचं काय होतं ते.’ लेकरांनी नाकं मुरडली. मग मी तिलाच ते परसातल्या खड्ड्यात टाकायला लावलं. ती गेली, टाकून आली आणि आपल्या जागी बसली. रडली नाही. मी म्हटलं, ‘पाहिलंत? हिचं ओझं उतरलं.’

इथपर्यंत मानपत्र बरोबर आहे. त्यापुढे त्यात लिहिलं आहे, ‘त्या दिवसापासून ती कन्या आनंदाने आपले सर्वस्व इतरांस वाटू लागली.’ आकाराम, तू मान खाली घालू नकोस. वाक्य तुझं नाही. तू माझ्या तोंडून ऐकलंस तसं लिहिलंस. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत मी ते किती ठिकाणी म्हटलं असेल, याचा मलाच अंदाज नाही. आणि ते खोटं आहे.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात गेले. मनुबाई भाकऱ्या थापत होत्या. धडा त्यांनी दारातून ऐकला होता. मी मोठ्या खुशीत विचारलं, ‘काय मनुबाई, कसा झाला धडा?’ त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘आवं बाई, ती पोर निम्मी वाटी खायाची आन् निम्मी ठिवायची. सुट्टीला घरी न्यायाची व्हती तिला. धाकल्या भावासाठी. मला म्हनली, मावशी, येक फडकं द्या. म्याच दिलं.’

मी म्हटलं, ‘मग मला का नाही सांगितलंत?’

‘तुमी पुसलंच न्हाई,’ मनुबाई म्हणाल्या.

मनुबाई, पदर डोळ्यांना लावू नका. तुम्ही खरं तेच बोललात.

तर मंडळी, मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं. हे तुम्ही नीट ऐका, कारण मुद्दा हाच आहे. वर्षांनी कळलं असतं तर अज्ञानात घडलं, असं म्हणून मोकळी झाले असते. मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. अंजना लोभी नाही. बाई चुकल्या. बस्स. पण मी मनाशी म्हटलं, बाईच चुकल्या असं लेकरांनी ऐकलं तर शिस्त कशी राहायची? तेवढी सुकडी कोठीत होती. ती काढून मी पोरीच्या फडक्यात परत बांधू शकले असते. पण दिली असती तर का दिली, हे सांगावं लागलं असतं. म्हणून दिली नाही. शिस्त, शिस्त म्हणते मी; खरं नाव अहंकार.

तीन आठवड्यांनी साताऱ्याला शिक्षकांचं शिबिर होतं. विषय होता, लेकरांना ऐहिक वस्तूंकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी कशी द्यावी. मी पेटीची गोष्ट सांगितली. माणसं डोळे पुसत होती. मग वाईचं बोलावणं आलं, मग कऱ्हाडचं. प्रत्येक मुक्कामी ट्रंकेतल्या अळ्या वाढत गेल्या, पण तो भाऊ काही गोष्टीत आला नाही. दाखला चांगला रंगला की तो खरा आहे का, हे तपासायला जीव धजत नाही. इथल्या उपदेशकांना मी काय म्हणते ते समजेल. थोरातसाहेब हसले, म्हणजे समजलं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी म्हण आहे. ती ख्रिस्ती माणसांनाही लागू पडते.

अंजना ईस्टरच्या सुट्टीला घरी गेली ती परत आली नाही. जूनमध्ये कुलपांच्या रविवारी तिची जागा रिकामी होती. मी एक पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं मी टाकलं नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर आलं नाही याचं मला बरंच वाटलं.

यंदा दिवाळी झाल्यावर आकाराम माझ्याकडे आला. मानपत्राचा कच्चा कागद घेऊन. म्हणाला, ‘बाई, त्या मुलीचं नाव घालू का? आता कुठं असती ती? बोलवूया की समारंभाला. स्टेजवर उभी करू.’ त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. मी म्हटलं, नाव नको घालूस. तो गेला आणि मला घरात बसवेना. ती कुठे असते? जिच्या जिवावर मी साडेपाच वर्षं टाळ्या घेतल्या ती जिवंत आहे की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तो चार वर्षांचा मुलगा दुष्काळातून वाचला का, हेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जतची गाडी धरली.

गाव आडवळणाला. फाट्यावर उतरून तास-दीड तास चालले. घर सापडलं. अंगणात भुईमुगाचे वेल पडले होते आणि एक मुलगी बसून शेंगा तोडत होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. ‘आवं बाई! तुमी? येकल्याच आला?’ म्हणून उठली, पाणी आणलं, घोंगडं टाकलं. आता पंधराव्या वर्षात आहे. चांगली उंच झाली आहे. रंगुबाई शेतात गेल्या होत्या. मी काही बोलायच्या आत शाळेचं दप्तर फेकत एक पोरगा आत आला. धट्टाकट्टा, गुडघे फुटलेले. अंजना म्हणाली, ‘सिद्धू, ह्या बोर्डिंगाच्या बाई.’

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. पण फार वेळ तो तिथे राहिला नाही.

सिद्धू म्हणाला, ‘म्हंजे सुकडीच्या बाई? बाई, आमची आक्का लय खादाड हाय बगा! मला सुकडी आनते म्हनली व्हती, आन् वाटंत येकलीनं समदी फस्त केली. म्या पेटीत डोकं घालून बगितलं तर नुसता वास!’ आणि तो खदाखदा हसला. अंजनाही हसली. त्या घरातली ती जुनी थट्टा होती. साडेपाच वर्षं मुरलेली. पाहुणा आला की सांगायची.

मी अंजनाकडे बघितलं. हसता हसता तिनं मला मान हलवून खूण केली, की राहू द्या.

मी विचारलं, ‘अंजना, तू मला त्या दिवशीच का नाही सांगितलंस, ही भावाची आहे म्हणून?’

ती शेंगा तोडत राहिली. म्हणाली, ‘तुमी म्हनला न्हवं, उद्याचं ठिवलं की लोभ. मला वाटलं, भावासाठी ठिवलं तरी लोभच असंल. आन् ह्याला काय सांगू? तुझ्या सुकडीत किडं पडलं, टाकून दिली? त्यापरीस म्या खाल्ली म्हनलेलं बरं.’

नऊ वर्षांच्या पोरीनं माझ्या धड्याचा असा अर्थ लावला. चुकीचा लावला, असं मला म्हणता येईना. मी शिकवला तसाच लावला होता. स्वतः अर्धपोटी राहून भावासाठी ठेवलं, याला मी लोभ म्हटलं, आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवला, मंडळी! आपल्या धंद्यात याहून भयंकर काही नाही.

मी सिद्धूला जवळ बसवलं आणि सांगितलं, ‘बाळ, आक्कानं सुकडी खाल्ली नव्हती. दोन महिने रोज आपल्या वाटीतली निम्मी काढून तिनं तुझ्यासाठी ठेवली होती. ती मी टाकायला लावली.’

त्याचं हसू गेलं. त्यानं आधी बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एवढंच विचारलं, ‘का?’

एकतीस वर्षं लेकरांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे माझं काम. आकाश निळं का, देव दिसत का नाही, आई परत का येत नाही, सगळ्यांना काही ना काही सांगितलं. त्या पोराला मला सांगता आलं नाही. अजून आलेलं नाही.

मंडळी, मी आता पोक्त झाले आहे, तेव्हा एक उपदेश केल्याशिवाय मी खाली बसणार नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. पण छोटाच करते. लेकराच्या मुठीत काही दिसलं तर मूठ उघडायला लावण्याआधी विचारा, बाळ, हे कुणासाठी धरलं आहेस? लोभाची मूठ आणि मायेची मूठ बाहेरून सारखीच दिसते. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मी विचारलं नाही. उद्याची चिंता करू नका, हे प्रभूनं सांगितलं. पण त्याला स्वतःला डोकं टेकायला जागा नव्हती. मी तेच सांगितलं कमरेला कोठीची किल्ली लावून. शब्द तेच होते. पण उपाशी पोराच्या कानाला ते कसे लागले असतील याचा विचार पोट भरलेल्या बाईनं केला नाही.

म्हणून माझी विनंती आहे. आकाराम, हे मानपत्र चौकटीत बसवायच्या आधी चौथा परिच्छेद काढून टाक. कागदावर मोकळी जागा दिसली तर दिसू दे. साताऱ्याच्या, वाईच्या, कऱ्हाडच्या शिक्षकांनो, तुमच्यापैकी ज्यांनी ही गोष्ट आपापल्या वर्गात सांगितली असेल, त्यांनी ती आता भावासकट सांगावी. आणि माझ्या जागी येणाऱ्या बाईंना सांगते, कुलपांचा रविवार ठेवायचा की मोडायचा, ते तुम्ही ठरवा. ठेवलात तर सगळ्यात आधी कोठीची किल्ली मेजावर ठेवा, मग लेकरांकडे मागा.

त्या दिवशी निघताना अंजनानं ओंजळी भरभरून शेंगा माझ्या पिशवीत घातल्या. मी म्हटलं, ‘अगं, एवढ्या कशाला? बरं असू दे, बोर्डिंगातल्या लेकरांना वाटीन.’ सवयच ती, जाणार कुठे? तिनं पिशवीचं तोंड धरलं. म्हणाली, ‘न्हाई बाई. वाटायच्या न्हाईत. ह्या तुमच्यासाठी हायत. तुमीच खायाच्या.’

मी फाट्यावर गाडी धरली. खिडकीशी जागा मिळाली. कवठेमहांकाळ गेलं, मिरज गेलं. शेजारी बसलेली बाई दोनदा पिशवीकडे बघत होती, तिच्या मांडीवर मूल होतं. त्या मुलाला दोन शेंगा द्याव्यात म्हणून माझा हात पिशवीत गेला, आणि मी तो रिकामा बाहेर काढला. दिल्या नाहीत. एकेक शेंग फोडून मी एकटीनं खाल्ली. सांगलीचा स्टँड आला तेव्हा पिशवीत नुसती टरफलं होती. त्या पोरीनं मला एकच गोष्ट सांगितली होती, आणि तेवढी तरी मी ऐकली.

आता राहिलेले आभार. अध्यक्षसाहेब, आपण आपला वेळ दिलात. डॉक्टरीणबाई, तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते पुढच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल, जपून ठेवा. दूरवरून आलेल्या शिक्षकांचे, पंचमंडळाचे, आकारामचे मी आभार मानते. मुलींनो, तुम्ही विणलेला स्वेटर मी कुणाला देऊन टाकणार नाही, वापरणार आहे. मनुबाई, आज चहा तुम्ही आणायचा नाही. तुम्ही खुर्चीवर बसा, चहा मी देते.

भाषणाच्या शेवटी चुकांची क्षमा मागायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि चूक कोणती ते सहसा कुणी सांगत नाही. मी सांगितली आहे. जिच्याजवळ क्षमा मागायला गेले होते, तिच्यापुढे तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, आणि तिनं मात्र माझी पिशवी भरली. तुम्ही काय करायचं ते घरी जाऊन सावकाश ठरवा. इतका वेळ शांतपणे ऐकलंत, प्रभू तुमचं भलं करो. मी बसते.